घर कोणी सोडायचे?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, उत्तरेकडे, प्रिन्स रूपर्ट हे बंदर आणि प्रिन्स जॉर्ज हे शहर यांना जोडणारा सुमारे ७२० किलोमीटरचा रस्ता आहे. कागदोपत्री महामार्ग क्रमांक १६. लोक त्याला अश्रूंचा महामार्ग म्हणतात. दोन्ही बाजूंना जंगल, मधूनच आदिवासींची लहान गावे, आणि गावातून दवाखान्यात, शाळेत किंवा कामावर जायचे तर वर्षानुवर्षे बसची सोय नव्हती. ज्यांच्या घरी गाडी नव्हती त्या मुली रस्त्याच्या कडेला उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे लिफ्ट मागत. त्यांतल्या कित्येक घरी परतल्या नाहीत. २००५ साली पोलिसांनी खास पथक नेमले. त्याने हा आणि लगतचे रस्ते धरून १९६९ ते २००६ या काळातली अठरा जणींची प्रकरणे हाती घेतली. घरच्या मंडळींनी केलेली यादी मात्र चाळिसाच्या पुढे जाते.

या रस्त्यावर एक मोठा पिवळा फलक उभा राहिला. मुलींनो, इथे लिफ्ट मागू नका, खुनी मोकाट आहे, असा त्याचा आशय. फलक लावणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घ्यायचे कारण नाही. पण त्यावरची सगळी ताकीद मुलींसाठी होती. रात्री गाडी थांबवणाऱ्या पुरुषासाठी त्यावर एक अक्षर नव्हते. जगभर बाईच्या सुरक्षिततेची भाषा अशीच असते. तिने कसे वागावे, कुठे जाऊ नये, कधी घरी यावे, एवढेच त्या भाषेत सांगितलेले असते. कॅनडातल्या आदिवासी समाजांनी गेल्या तीन-चार दशकांत जे काम केले त्यातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की त्यांनी ही ताकीद फिरवून आपल्याच पुरुषांसमोर धरली.

त्याआधी बायकांनी पायपीट केली. ग्लॅडिस रॅडेक आणि बर्नी विल्यम्स या दोघींनी २००८ साली व्हँकूव्हरहून राजधानी ओटावापर्यंत न्यायासाठी पदयात्रा काढली. रॅडेक यांची भाची २००५ साली याच रस्त्यावर नाहीशी झाली होती. २००६ मध्ये प्रिन्स जॉर्जला हरवलेल्यांचे नातलग, आदिवासी संघटना आणि अधिकारी एकत्र बसले आणि त्यांनी ३३ शिफारशी केल्या. त्यांतली ठळक मागणी अगदी साधी होती : गावांना जोडणारी बस सुरू करा. बस धावू लागली २०१७ साली. एका बसला अकरा वर्षे.

२०११च्या ऑगस्टमध्ये याच महामार्गाजवळच्या रानात पॉल लासर्ट आणि त्यांची सोळा वर्षांची मुलगी रेव्हन मूसच्या शिकारीला गेले होते. ही माणसे कॅरिअर, म्हणजे डाकेल समाजाची, आणि ते रान त्यांच्या वाडवडिलांचे. मूस म्हणजे हरणाच्या कुळातला, पण घोड्याहून थोराड प्राणी. एक मिळाला की घराच्या हिवाळ्याची बेगमी होते. शिकार मिळाली. तिचे कातडे सोडवताना बापलेकीच्या बोलण्यात तो रस्ता आला, तिथे गेलेल्या मुली आल्या. त्यातून त्यांना सुचले, की या कातड्याचे छोटे चौकोन कापावेत आणि ते पुरुषांनी छातीवर लावावेत. जो लावेल त्याने कबूल करायचे, की मी माझ्या घरातल्या बायका-मुलांवर हात उगारणार नाही आणि दुसरा उगारत असेल तर गप्प बसणार नाही.

मूस हाइड कॅम्पेन म्हणतात ते हेच. पॉल लासर्ट तेव्हा प्रांतातल्या आदिवासी मैत्री केंद्रांच्या संघटनेचे प्रमुख होते. शहरात आलेल्या आदिवासींना आधार देणाऱ्या या केंद्रांचे जाळे हाताशी असल्याने कल्पना झपाट्याने पसरली. चौकोन फुकट वाटतात. आजवर वाटलेल्यांचा आकडा दहा लाख कधीच ओलांडून गेला आहे. कातडे नको असणाऱ्यांसाठी दुसऱ्या कापडाचेही असतात. मे महिन्यातल्या एका गुरुवारी मोहिमेचा दिवस पाळतात. त्या दिवशी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत निर्जळी उपवास करायचा. उपवास त्यांच्या परंपरेतलाच. शरीर भुकेने कासावीस झाले की माणूस स्वतःशी खरे बोलतो, अशी त्यामागची समजूत. आपल्याकडे नवऱ्याच्या आयुष्यासाठी बायको उपाशी राहते. इथे बाईच्या जिवासाठी पुरुष उपाशी राहतो. त्या संध्याकाळी उपास सोडताना कोणी मुलाला मारल्याचे बोलतो, कोणी आईला मार खाताना पाहिल्याचे.

या मोहिमेबद्दल मला आदर आहे, तशी एक धास्तीही आहे. चौकोन लावणे सोपे असते. मंत्री लावतात, आमदार लावतात, पोलीसही लावतात. छातीवर खूण आणि घरात जुनेच वागणे, असे करणाऱ्याला कोण अडवणार? खुद्द मोहीमही चौकोनाला सुरुवात म्हणते, शेवट नव्हे. सुरुवातीनंतरची अवघड वाट एका आदिवासी गावाने त्याच्या पंचवीस वर्षे आधी चालायला घेतली होती. तिकडे वळण्यापूर्वी हा हिंसाचार आला कुठून, हे सांगायला हवे. नाहीतर ‘त्यांच्यात असतेच ते’ असा समज होतो आणि तो धादांत खोटा आहे.

एकोणिसाव्या शतकापासून जवळजवळ दीड लाख आदिवासी मुले घरातून उचलून चर्चच्या निवासी शाळांत घातली गेली. पैसा सरकारचा. तिथे मातृभाषा बोलली की मार, आणि बंद दारांआड लैंगिक अत्याचार. शेवटची शाळा बंद व्हायला १९९०चे दशक संपत आले होते. ज्याला आईबापाची माया कशी असते तेच माहीत नाही, असा माणूस बाप झाला. दुसरीकडे इंडियन ॲक्ट या आदिवासींविषयीच्या कायद्यानेच बाईची किंमत कमी केली होती. समाजाबाहेर लग्न केले की तिची आदिवासी म्हणून नोंद रद्द. गावात राहायचा हक्क गेला, घर गेले. पुरुषाने तसेच लग्न केले तर त्याचे काहीच जात नसे, उलट गोऱ्या बायकोलाही नोंद मिळे. अशी नोंद गेलेल्या सँड्रा लव्हलेस यांनी हे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे नेले. १९८१ साली समितीने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि १९८५ मध्ये कायदा बदलला. तो बदलेपर्यंतच्या शंभरेक वर्षांत किती जणी मारकुट्या नवऱ्याच्या घरातून बाहेर पडल्या आणि परतायला माहेरच उरले नाही, याची मोजदाद नाही.

मोजदादीचे कामही बायकांनाच करावे लागले. आदिवासी स्त्रियांच्या राष्ट्रीय संघटनेने २००५पासून पाच वर्षे कात्रणे, नोंदी आणि घरच्यांच्या आठवणी जुळवून खून झालेल्या आणि बेपत्ता अशा ५८२ जणींची यादी केली. आकडा फुगवलेला असावा अशी कुजबुज होती. २०१४ साली केंद्रीय पोलिसांनी स्वतःचे दप्तर तपासले तेव्हा १९८० ते २०१२ या काळातली संख्या निघाली ११८१. त्यांतल्या १०१७ जणींचा खून झाला होता. देशातल्या स्त्रियांमध्ये आदिवासी जेमतेम चार टक्के, खून झालेल्या स्त्रियांत मात्र सोळा टक्के. मग २०१६ मध्ये मॅरियन बुलर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय चौकशी बसली. २०१९च्या अहवालात २३१ मागण्या आहेत आणि या हिंसाचाराला नरसंहार म्हटले आहे. बहुतेक मागण्या अजून कागदावर आहेत.

आता हॉलो वॉटर. मॅनिटोबा प्रांतात विनिपेग सरोवराच्या पूर्व काठावरचे अनिशिनाबे समाजाचे हे गाव. १९८०च्या दशकाच्या मध्यावर इथल्या काही जणांनी, त्यांत बहुसंख्य बायका, पोरे दारू का पितात, जीव का देतात याचा माग काढायला सुरुवात केली. माग घराघरातल्या बाललैंगिक अत्याचारापाशी येऊन थांबला. पथकातल्या लोकांनी आधी आपसांत बसून स्वतःच्या लहानपणाविषयी सांगितले, आणि बहुतेकांकडे सांगण्यासारखे काही ना काही निघाले. त्यांचा अंदाज असा, की गावातल्या दर चारांपैकी तिघांनी हे कधी ना कधी भोगले आहे, आणि तिघांपैकी एकाने तरी दुसऱ्यावर केले आहे. अशा गावात सगळ्यांना तुरुंगात घालायचे म्हटले तर गावच उरत नाही. आणि गप्प बसले तर पुढची पिढी जाते.

त्यांनी तेरा पायऱ्यांची पद्धत बसवली. मूल बोलले की पहिले काम त्याला सुरक्षित ठिकाणी नेणे. मग पथकातली माणसे त्या पुरुषाकडे जातात आणि तोंडावर विचारतात. त्याच्या बायकोजवळ कोणीतरी थांबते, कारण तिच्याही पायाखालची जमीन सरकलेली असते. पोलिसांत नोंद होतेच, हे प्रकरण घरात मिटवत नाहीत. त्या पुरुषाला न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागतो. कबूल केला तरच गाव त्याच्याबरोबर काम करते. त्यानंतर त्याला वर्तुळात बसून सांगावे लागते, मी काय केले. आधी पथकासमोर, मग बायको-मुलांसमोर, मग आईबाप-भावंडांसमोर, आणि शेवटी गावासमोर. वकील अशिलाला सांगतो, तोंड उघडू नकोस. हॉलो वॉटरचे म्हणणे होते, की त्याने तोंड उघडल्याशिवाय मुलाच्या मनावरचा दगड हलत नाही.

१९९३च्या अखेरीस न्यायाधीश शिक्षा सुनवायला गावात येऊन वर्तुळात बसले. बोलणारे आतल्या वर्तुळात, बाकीचे बाहेरच्या. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपण का आलो ते सांगितले. दुसऱ्या फेरीत सगळे ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांच्याशी बोलले : यात तुमचा काही दोष नाही. तिसऱ्या फेरीत अपराध्याशी बोलले, त्याने काय मोडले ते त्याला सांगितले. त्याला काय करायला लावायचे हा विषय चौथ्या फेरीत आला. एरवी न्यायालयात पीडित मूल म्हणजे सरकार पक्षाचा एक साक्षीदार. इथे सबंध गाव त्याच्याकडे वळून बोलले. हा क्रम ज्यांनी लावला त्यांना न्याय कशाला म्हणतात ते नेमके कळले होते. २००१ साली या कामाचे मूल्यमापन झाले, तेव्हा पद्धतीतून गेलेल्या १०७ जणांपैकी दोघांनीच पुन्हा गुन्हा केल्याचे आढळले.

तरी यावर टीका झाली, आणि ती ऐकण्यासारखी आहे. मेटी या आदिवासी समाजातल्या विदुषी एमा लारोक यांनी विचारले, की गावाच्या एकोप्याचे ओझे पुन्हा अत्याचार सोसलेल्या बाईच्याच डोक्यावर का? ज्याने छळले त्याच्यासमोर बसायला तिला कोण भाग पाडते? लहान गावात मुखियाचा भाऊ, पुतण्या अपराधी असला तर वर्तुळ कोणाकडे झुकेल? माझ्या मते अशा पद्धतीचे बरेवाईट या एका गोष्टीवर ठरते : तिला ‘नाही’ म्हणता येते का, आणि म्हटल्यावर गाव तिच्या पाठीशी उरते का. आपल्याकडच्या जातपंचायतींनी बाईला काय दिले ते आपण पाहिले आहे. म्हणून ‘समाजाचा न्याय’ हे शब्द कानी आले की मी आधी सावध होते.

बायकांनीच पुढाकार घेतल्याचे उदाहरण कॅनडाबाहेरही आहे. ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय क्रॉसिंग गावाची हकिकत गडचिरोलीकरांना ओळखीची वाटेल. २००७ साली जून ऑस्कर, एमिली कार्टर आणि त्यांच्या बरोबरच्या आदिवासी बायकांनी गावातून कडक दारू घरी नेण्यावर निर्बंध आणवले. मयतांना जाऊन जाऊन त्या थकल्या होत्या. आपल्याच लोकांचा विरोध पत्करून त्या उभ्या राहिल्या. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली तीही जनआंदोलनाच्या रेट्यानेच.

पुन्हा कॅनडाकडे. विनिपेग शहरात २०१४च्या ऑगस्टमध्ये रेड नदीत पंधरा वर्षांच्या एका आदिवासी मुलीचा मृतदेह सापडला. ती सरकारी बालकल्याण खात्याच्या ताब्यात होती. बेपत्ता म्हणून नोंद असतानाही पोलिसांनी ती बसलेली गाडी अडवून सोडून दिली होती. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार आणि त्यात पोलिसांना सोडून देणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ज्यांच्या लक्षात आहे, त्यांना आदिवासी मुलगी आणि पोलीस यांच्यातला अविश्वास वेगळा समजावून सांगायला नको. त्या मुलीनंतर लोकांनी स्वतः होड्या काढल्या आणि गळ टाकून नदीचा तळ धुंडाळू लागले. त्यांत पुढे असलेल्या बर्नाडेट स्मिथ यांची बहीण २००८पासून बेपत्ता. त्याच सुमारास बेअर क्लॅन नावाची जुनी गस्त पुन्हा सुरू झाली. हातात शस्त्र नाही. रात्री वस्तीतून फिरायचे, पडलेल्या सुया उचलायच्या, एकट्या पोरीला घरापर्यंत सोडायचे.

याच शहरात २०२२ साली एका माणसाने चार आदिवासी स्त्रियांचे खून केले. दोघींचे देह शहराबाहेरच्या कचरा भरावात असल्याचे पोलिसांना वाटत होते, पण शोध घेणे धोक्याचे म्हणून तेव्हाच्या प्रांतिक सरकारने नकार दिला. त्यांच्या मुलींनी आणि नातलगांनी निषेधाचे तंबू ठोकले. २०२३च्या निवडणुकीत ते सरकार गेले, वॉब किन्यू मुख्यमंत्री झाले. २०२४च्या डिसेंबरात शोध सुरू झाला, दोघींचे अवशेष सापडले आणि २०२५च्या मार्चमध्ये ओळख पटली. धोका आधीही तेवढाच होता, नंतरही तेवढाच. नकार देणाऱ्यांनी त्या दोघींची किंमत काय केली होती, ते यावरून दिसते.

मुलांबाबतीत मात्र सरकारचा हात फार तत्पर असतो. २०२१च्या जनगणनेनुसार चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत आदिवासी ७.७ टक्के, पण परक्या घरात संगोपनाला दिलेल्या मुलांत ५३.८ टक्के. घरात दारू, मारहाण आढळली की मूल उचलायचे. बाप घरातच, आई रडत, आणि शिक्षा झाल्यासारखे मूल बाहेर. २०१९च्या कायद्याने आदिवासी समाजांचा आपल्या मुलांची व्यवस्था आपण पाहण्याचा हक्क मान्य केला, आणि २०२४च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. सस्कॅचेवान प्रांतातल्या काउएसेस या आदिवासी समाजाने २०२१मध्येच हे काम अंगावर घेतले.

त्याच्या कितीतरी आधी, २००२च्या सुमारास, उत्तर मॅनिटोबातल्या नेल्सन हाउस गावाच्या क्री लोकांनी हे कोडे आपल्या परीने सोडवले होते. तिथली घरे गावसंस्थेच्या मालकीची, त्यामुळे घरात कोण राहील हे ठरवायचा अधिकार गावाकडे. घर मुलासाठी धोक्याचे ठरले तर गावाचे कल्याण केंद्र मुलाला हलवत नाही, मोठ्यांना बाहेर काढते. नातलग किंवा केंद्राची कार्यकर्ती त्या घरात राहायला येते. मूल आपल्याच अंथरुणात झोपते, त्याच शाळेत जाते, संध्याकाळी त्याच अंगणात खेळते. आईबापांनी बाहेर राहून उपचार घ्यायचे, दारू सोडायची, वागणे सुधारायचे. सुधारले, की केंद्राशी बोलून परत यायचे.