तिळगुळातले दोन ‘ळ’

अंकलिपीच्या तक्त्यात क कमळाचा असतो, घ घराचा असतो, प पतंगाचा असतो. तक्ता संपत आला की ह च्या पुढे ळ येतो आणि तिथे बाळाचं चित्र असतं. इतर अक्षरांचं चित्र त्या अक्षराने सुरू होणाऱ्या वस्तूचं; ळ चं मात्र शेवटी ळ येणाऱ्याचं. तक्ता काढणाऱ्याचा इलाज नसतो, कारण ळ ने सुरू होणारा शब्द मराठीत नाहीच. हीच अडचण ण ची, म्हणून तोही ‘बाणाचा’.

शब्दाच्या सुरुवातीला कधीही न येणारं हे अक्षर स्वयंपाकघरात मात्र पावलोपावली भेटतं. तांदूळ, डाळ, गूळ, तीळ, नारळ, आवळा, केळं, डाळिंब, पोळी. हातात पळी, पिठाला चाळणी आणि गिरणीत दळण. रंगांकडे वळावं तर काळा, निळा, पिवळा, जांभळा, सावळा. हा सगळा पसारा योगायोगाने जमलेला नाही. त्यामागे भाषेच्या इतिहासातला एक नियम आहे, आणि तो शाळेत शिकवायला हवा इतका साधा आहे.

संस्कृत शब्दात दोन स्वरांच्या मध्ये एकटा ल असला, तर प्राकृतातून मराठीत येईपर्यंत त्याचा ळ झाला. फल चं फळ, माला ची माळ, शाला ची शाळा, तण्डुल चा तांदूळ, धूलि ची धूळ, नील चा निळा, श्यामल चा सावळा. शब्दाच्या आरंभीचा ल मात्र तसाच राहिला: लोक, लाज, लाख. म्हणून ळ ने शब्द सुरू होत नाही. आणि मूळ शब्दात ल जोडाक्षरात असला, म्हणजे ल्ल, ल्य किंवा ल्व असा, तर प्राकृतात त्याचा ल्ल झाला आणि मराठीत त्यातला एक ल उरला. मूल्य चं मोल, बिल्व चा बेल, फुल्ल चं फूल. फ्रेंच अभ्यासक झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली पॅरिसहून प्रसिद्ध झाला. त्यात अशा बदलांचा पद्धतशीर हिशेब मांडलेला आहे. बोलीबोलींतली देवघेव आणि नंतर उसने घेतलेले शब्द यांमुळे काही अपवाद दिसतात, पण नियमाचा गाभा पक्का आहे.

हा नियम हाताशी असला की रोजच्या जोड्या उलगडू लागतात. ‘गळा’ आणि ‘गाल’ शेजारी शेजारी असूनही एकात ळ आणि दुसऱ्यात ल का? कारण गळा आला गल पासून आणि गाल आला गल्ल पासून. ‘काळ’ हा संस्कृतातला काल. पण ‘काल’, म्हणजे आजच्या आधीचा दिवस, हा कल्य पासून आलेला. ‘वेळ’ वेला मधून आली, अंगणातला ‘वेल’ वल्ली मधून. भिंतीवरची ‘पाल’ पल्ली मधून आणि कानाची ‘पाळ’ पालि मधून. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी एखाद्या शब्दात एक ल होता की दोन, याची नोंद मराठी माणूस आजही बोलताना बिनचूक ठेवतो. तीही ती नोंद आहे हे न कळता.

पण ळ चं उगमस्थान एकच नाही. संस्कृतातल्या दोन स्वरांमधल्या ड चाही मराठीत ळ झालेला आहे. षोडश चे सोळा, तडाग चं तळं, दाडिम चं डाळिंब, गुड चा गूळ. संक्रांतीला आपण जो तिळगूळ वाटतो, त्या एका शब्दात या दोन्ही वाटा एकत्र आल्या आहेत. तिळातला ळ तिल मधल्या ल चा आणि गुळातला ळ गुड मधल्या ड चा. उच्चार एक, अक्षर एक, घराणी दोन.

ही दुसरी वाट फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या शाकल शाखेच्या पाठात दोन स्वरांमधला ड हा ळ म्हणूनच उच्चारला जातो. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या ऋचेत ‘ईळे’ हे क्रियापद आहे. पुढच्या काळातल्या संस्कृतात त्याचं रूप ‘ईडे’ असं होतं. पाणिनीच्या वर्णमालेत ळ ला जागा नाही. पाली भाषेत तो पुन्हा दिसतो, आणि तिथे सोळा या संख्येला ‘सोळस’ म्हणतात. षोडश आणि सोळा यांच्या मधली पायरी इतकी स्वच्छ क्वचितच सापडते.

या अक्षराचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो सर्वांत विलक्षण वाटतो. शब्द मराठीत केव्हा आला, हे ळ सांगतो. ल चा ळ होण्याची प्रक्रिया फारसी-अरबी शब्द मराठीत येण्यापूर्वीच थांबली होती. त्यामुळे मसाला, दलाल, गुलाम, हवाला यांच्यातला ल दोन स्वरांच्या मध्ये असूनही बदलला नाही. मग अशा जोड्या तयार झाल्या: गळ्यातली माळ संस्कृत माला ची, तर दुकानातला माल अरबीतला. शेतातली साळ शालि ची, तर वर्ष या अर्थाचं साल फारसीतलं. बाळाची नाळ संस्कृत नाल ची, आणि घोड्याच्या टापेला ठोकलेला नाल अरबी. पितृपक्षात घालतात ते महाळ ‘महालय’ या शब्दातून आलेले. नागपुरातल्या वस्तीचं नाव झालेला महाल मात्र अरबी मूळ असलेला. एका टिचभर फरकात हजारभर वर्षांचं अंतर मावलेलं आहे.

त्याच वेळी मराठीने संस्कृतातून थेट शब्द घेणंही सुरूच ठेवलं, आणि ते ल सकट आले. म्हणून मुलं ‘शाळेत’ जातात पण गणवेश ‘शालेय’ असतो. वार ‘मंगळ’, पण लग्नाचं कार्यालय ‘मंगल’. लग्न जमवताना बघतात ते ‘स्थळ’, गाव सोडून जाणं हे ‘स्थलांतर’. ‘मूळ’ प्रश्न आणि ‘मूलभूत’ हक्क, झाडाचं ‘फळ’ आणि कामाची ‘फलश्रुती’. घरातली मराठी ळ ची आणि कार्यालयातली मराठी ल ची, असा हा ढोबळ विभाग आहे. बाळ हा शब्द कुशीतला आहे. ‘बालविकास प्रकल्प’ हा फायलीतला.

अर्थापलीकडे ळ ला स्वतःचा एक नाद आहे. पाणी खळखळतं, पानं सळसळतात, झरा झुळझुळतो, जखमेतून रक्त भळभळ वाहतं. दवाखान्यात मराठी माणूस आपलं दुखणं सांगतो तेव्हा छातीत जळजळ, पोटात मळमळ, पायात गोळे आणि दाढेतून कळ. मनाची अवस्था सांगायलाही हेच अक्षर पुढे येतं, आणि किती नेमकेपणाने! हळहळ झाल्या गोष्टीची वाटते, तळमळ हवी ती गोष्ट हाती लागत नाही म्हणून होते, आणि कळकळ दुसऱ्यासाठी असते. तीन शब्द, तीन वेगळ्या भावना, आणि एकाचं काम दुसऱ्याने भागत नाही. माणसाचा स्वभाव सांगणारे प्रेमळ, मायाळू, लाजाळू, वाचाळ, खट्याळ, नाठाळ हेही या गोतावळ्यातलेच.

उच्चाराचं पाहायचं तर आरशासमोर उभं राहून आधी ‘माल’ म्हणावं आणि मग ‘माळ’. माल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं. माळ म्हणताना तेच टोक मागे वळतं, टाळूच्या उंच भागाला खालच्या बाजूने स्पर्श करतं आणि झटकन पुढे सुटतं. हवा जिभेच्या दोन्ही कडांनी बाहेर पडते. ट, ठ, ड, ढ, ण ज्या जागी उच्चारतात तीच ही जागा. कडांनी हवा सोडण्याची रीत ल ची आणि जीभ वळवण्याची रीत ड ची. ल आणि ड या दोघांचाही ळ का होऊ शकला, याचं उत्तर तोंडातच मिळतं.

ळ केवळ मराठीचा, हा समज बराच पसरलेला आहे. त्याला आधार नाही. कोंकणी, गुजराती, राजस्थानी, हरियाणवी, पंजाबी आणि ओडिया या भाषांत तो आहे. दक्षिणेत कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम या चारही भाषांत आहे. तमिळ आणि मल्याळममध्ये तर आणखी एक ध्वनी आहे, जो देवनागरीत टिंब देऊन ‘ऴ’ असा लिहितात. तमिळ या नावाच्या शेवटी खरा तोच आहे. आपण त्याच्या जवळचा म्हणून ळ वापरतो. रोमन लिपीत कोंकणी लिहिणारे गोव्यातले लोक ळ साठी एल हे अक्षर दोनदा लिहितात. प्रमाण हिंदी आणि बंगाली यांच्यात ळ नाही, आणि हिंदीची लिपी आपलीच असल्यामुळे तिथे तो गळणं आपल्या डोळ्यांना जास्त टोचतं.

टोचण्याला कारणही आहे. जळगावचं हिंदीत जलगाँव होतं, धुळ्याचं धुले. टिळकांचे तिलक होतात. नीरेकाठच्या होळ गावावरून ज्यांचं आडनाव पडलं ते होळकर हिंदीत होल्कर होतात आणि गावाशी असलेला धागाच तुटतो. हिंदीभाषकाने ल म्हणावं यात काही गैर नाही. त्याच्या जिभेला ती सवयच नाही. मराठी माणसाने हिंदीतलं रूप उचलून पुन्हा मराठीत लिहावं, हे मात्र खटकतं. मराठीत यात्रेला ‘मेळा’ म्हणतात. ‘मेला’ हे मराठीत मरणे या क्रियापदाचं रूप आहे. नाशिकच्या सिंहस्थात भरतो तो कुंभमेळा. भाषांतराच्या घाईत त्याचा ‘कुंभ मेला’ झाला, की त्या अक्षरावर किती भार होता ते लक्षात येतं.

रोमन लिपीत हा गोंधळ आणखी वाढतो. तिथे ल आणि ळ दोघांनाही एल. काळे आणि काले, माळी आणि माली यांतला फरक कागदावरून नाहीसा होतो, आणि तो कागद पुन्हा मराठीत आणताना लिहिणाऱ्याला अंदाज करावा लागतो. अभ्यासकांच्या लिप्यंतरात एल खाली टिंब देऊन ळ वेगळा दाखवतात, पण ते टिंब रोजच्या कागदपत्रांपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे अर्जावर जागा असेल तिथे आपलं नाव देवनागरीतही लिहावं, हे उत्तम.

याचा अर्थ ळ न उच्चारणारा मराठी माणूस चुकतो, असा मुळीच नाही. वऱ्हाडात आणि खानदेशात अनेक घरांत ळ च्या जागी य येतो: डोळा चा डोया, काळा चा काया, शाळा ची शाया. आगरी-कोळी बोलीत तिथे ल येतो. यात ढिलाई नाही. ते त्या त्या बोलीचे नियम आहेत, आणि ते पाळले जातात तितक्याच काटेकोरपणे. वऱ्हाडी माणूस ‘डोया’ म्हणतो, पण ‘गाल’ चा ‘गाय’ करत नाही; म्हणजे मूळचा एक ल आणि दोन ल यांतला फरक त्याच्या बोलण्यातही शाबूत असतो, फक्त ळ ची खूण य ने घेतलेली असते. वर्गात ‘शाया’ म्हणणाऱ्या पोराला हसणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं. लिहिण्यासाठी ळ शिकवावा, जरूर शिकवावा, पण त्याच्या आजीची भाषा अशुद्ध ठरवून नव्हे.

संगणकावर ळ पूर्ण सुखरूप आहे. युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात ल, त्यापुढे ळ आणि त्यापुढे ऴ असे तिघे सलग बसवलेले आहेत. मराठी वर्णमालेत ळ ह नंतर येतो, तक्त्यात तो ल ला लागून आहे, एवढाच फरक. इनस्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी एन च्या कळीवर ल उमटतो आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ळ. तिच्या डावीकडे बी च्या कळीवर व आहे. तिथे शिफ्ट दाबली की तमिळचा ऴ मिळतो.