नाळेच्या रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं, म्हणून काय झालं?

"आईत कमतरता, म्हणून बाळात कमतरता." या विषयाच्या सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य हमखास असतं. ड जीवनसत्त्वापुरतं ते बरंचसं खरं आहे. कॅल्शियमचा हिशोब वेगळा आहे, आणि सॅम्पल कधी घ्यायचं हे त्यावरच ठरतं.

आधी ड. आईच्या रक्तातलं २५-हायड्रॉक्सी ड वार ओलांडून बाळाकडे जातं, म्हणून बाळाची पातळी आईच्या मागेमागे चालते. लखनौचा २००५ सालचा अभ्यास वाचाच. दिवस भरलेल्या २०७ गर्भवतींची सरासरी मिलिलिटरमागे १४ नॅनोग्रॅम, नाळेच्या रक्तात ८.४. तब्बल ८४ टक्के बायका २२.५ च्या खाली, आणि शहर-खेड्यात जवळपास फरक नाही! पण २२.५ च का? त्याखाली पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेलं दिसलं, म्हणून. दुसऱ्या पेपरात हीच रेषा २० किंवा १२ वर असेल, तर दोन्हींची टक्केवारी शेजारी मांडून काही सिद्ध होत नाही.

आता कॅल्शियम. वार ते पंपासारखं बाळाकडे ओढते, इतकं की बाळाच्या रक्तात ते आईपेक्षा जास्त असतं. जन्मापर्यंत बाळात साधारण ३० ग्रॅम कॅल्शियम जमतं, बहुतेक शेवटच्या तिमाहीत. त्यामुळे नाळेच्या रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, तरी आईची कमतरता त्यात दिसेलच असं नाही. नाळ कापली की पुरवठा बंद होतो. बाळाची पॅराथायरॉइड ग्रंथी अजून सुस्त असते, आणि पहिल्या २४ ते ४८ तासांत निरोगी बाळाचंही कॅल्शियम खाली येतं. ड चा साठाच नसेल तर सावरणं अवघड जातं. काही बाळांना पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत झटके येतात. तेव्हा बाळाचं कॅल्शियम तपासलं जातं, पण आईचं ड तपासायचं राहून जातं, हे मला खटकतं.

प्रश्नावली करताना आणखी एक. सरकारी मार्गदर्शक सूचनेप्रमाणे गर्भवतीला चौदाव्या आठवड्यापासून रोज दोन गोळ्या द्यायच्या असतात. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २५० युनिट ड३. त्या लोहाच्या गोळीसोबत घ्यायच्या नसतात. म्हणून "गोळ्या मिळाल्या का?" एवढंच विचारू नका. किती खाल्ल्या, कधी खाल्ल्या, आणि लोहाची गोळी त्याच वेळी घेतली का, हेही विचारा.