हात आखडला तिथेच हात सोडा

डिचोलीहून नार्व्याला येणारा रस्ता शेवटी मांडवीच्या पाण्यात उतरतो. सप्तकोटेश्वराच्या देवळाकडे न वळता पुढे गेलं की फेरीबोटीचा धक्का लागतो, पलीकडे दिवाडी बेट. धक्क्याचा उतार, बोटीची लोखंडी फळी आणि त्या दोहोंमधली फट. मोटारसायकलचं सस्पेन्शन तपासायला याहून प्रामाणिक जागा मिळणार नाही. स्कूटरवाला ती फट न बघता ओलांडतो. रॉयल एन्फिल्डची कॉन्टिनेन्टल जीटी ६५० घेऊन आलेला मात्र आधी ब्रेकवर बोटं ठेवतो, सीटवरून किंचित उठतो आणि मगच चाक फळीवर घालतो. गाडी स्कूटरच्या तिप्पट किमतीची. टाकी बघायला बोटीवरची माणसं जवळ येतात, आणि मालकाच्या मनगटांना मात्र प्रत्येक खड्डा वेगळा कळतो.

ही गाडी जुन्या चालीची दिसते, पण जुनी नाही. तिचं रूप पन्नास-साठच्या दशकातल्या लंडनचं. नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेसमोर तरुण पोरं आपापल्या गाड्या लावत आणि रात्री रिकाम्या रस्त्यावर त्या पिटाळत. दुकानात मिळायची ती गाडी त्यांना पुरेशी वाटत नसे. हँडल खाली, पाय मागे, सीट एकट्यापुरती, बिनकामाचा पत्रा सगळा उतरवलेला. काहींनी तर नॉर्टनच्या चेसीत ट्रायम्फचं इंजिन बसवलं आणि दोन कंपन्यांच्या नावांची जोड करून त्याला ट्रायटन म्हटलं. हे वेड ओळखून रॉयल एन्फिल्डने १९६५ च्या सुमारास तयार कॅफे रेसर बाजारात आणली, कॉन्टिनेन्टल जीटी २५०. म्हणजे या गाडीचा जन्मच मुळी ‘कंपनीने दिलंय ते बदलायचं’ या हौसेतून झालेला आहे. ती जशीच्या तशी वापरणाऱ्याला नावं ठेवायचं कारण नाही, पण बदलणाऱ्याला तर त्याहून नाही.

नाव २०१३ मध्ये ५३५ सीसीच्या एकसिलिंडरी गाडीवर परत आलं. मग नोव्हेंबर २०१७ मध्ये इटलीत मिलानच्या प्रदर्शनात ६५० ची जोडी दाखवली गेली, इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेन्टल जीटी. त्याच महिन्यात वागातोरच्या पठारावर रायडर मेनिया या रॉयल एन्फिल्डच्या मेळ्याला जमलेल्यांना ती बघायला मिळाली, तेव्हा गोंयकारांची या गाडीशी ओळख भारतात पहिल्या फळीतली म्हणायला हवी. मेळ्याचं नाव आता मोटोव्हर्स झालं आहे. २०१८ च्या नोव्हेंबरात गाडी भारतात विक्रीला आली तेव्हा जीटीची शोरूम किंमत २ लाख ६५ हजार होती.

सगळी गोष्ट या किमतीत आहे. ६४८ सीसीचं, हवा आणि तेलाने थंड होणारं दोन सिलिंडरचं इंजिन, सहा गिअर, स्लिपर क्लच, पुढे ३२० मिलिमीटरची डिस्क, दोन्ही चाकांना एबीएस. चेसी हॅरिस परफॉर्मन्सच्या मदतीने आखलेली. ही इंग्लंडची रेसिंग चेसी बनवणारी जुनी पेढी, २०१५ मध्ये रॉयल एन्फिल्डने विकतच घेतली. एवढं सगळं त्या पैशात बसवायचं तर कुठेतरी हात आखडावा लागणारच. तो कुठे आखडला ते शोधायला तंत्रज्ञ व्हावं लागत नाही. इंजिनात आखडलेला नाही, चेसीत नाही, ब्रेकमध्येही फारसा नाही. आखडला तो मागच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये, पुढच्या फोर्कच्या आतल्या साध्या मांडणीत, ट्यूबच्या टायरमध्ये, हॅलोजनच्या मिणमिणत्या दिव्यात आणि पातळ सीटमध्ये. पैसे घालायचे तर याच जागी, असं माझं सरळ मत आहे. बहुतेक मालक नेमकं उलट करतात. शोरूममधून गाडी निघते ती सायलेन्सरच्या दुकानात जाते.

त्या सायलेन्सरबद्दल आधी बोलून टाकू. या इंजिनाचा क्रँक २७० अंशांचा आहे. दोन पिस्टन बरोबरीने वरखाली होत नाहीत आणि एकाआड एक समान अंतरानेही पेटत नाहीत. एक ठिणगी पडल्यावर दुसरी २७० अंशांनी पडते, मग पुन्हा पहिलीची पाळी यायला ४५० अंश जातात. या अडखळत्या तालामुळेच आवाज व्ही-ट्विनसारखा येतो. म्हणजे आवाजाचा पोत क्रँकशाफ्टने ठरवला, सायलेन्सर फक्त तो किती मोठा ऐकू यावा ते ठरवतो. बुलेटची धडधड या गाडीतून काढायला जाणाऱ्याला ती कुठल्याच सायलेन्सरमधून मिळणार नाही. हलका सायलेन्सर बसवल्याने वजन खरोखर कमी होतं, मूळचे दोन चांगलेच जड आहेत. ताकद वाढते ती जेमतेम, तीही वरच्या आरपीएमला आणि इंधनाचं गणित नव्याने जुळवलं तर. मूळ इंजिन ४७ अश्वशक्तीचं. एवढ्या ताकदीने चोर्ला घाटात कोणाला कमी पडलेलं मी पाहिलेलं नाही. अमेरिकेच्या एस अँड एस कंपनीचा ८६५ सीसीचा किटही मिळतो. तो घेणाऱ्याने आधी आरसीवरचा सीसीचा आकडा वाचावा.

कारण कायदा इथे स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी ठरेल अशी फेरफार गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारीमागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद लागू शकते. नुसता रंग बदलायचा तरी आरटीओत नोंद हवी. पावणेदोनशे सीसीवरच्या दुचाकीला आवाजाची मर्यादा ८० डेसिबलची, आणि मोकळा पाइप लावलेली गाडी ती कशी पाळणार? पोलिस जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घालतात, त्याची छायाचित्रं आपण वर्तमानपत्रात पाहतोच. साडीगार्ड काढून गाडी ‘क्लीन’ करणाऱ्यांच्या तर गावीही नसतं की मागचं निम्मं चाक झाकणारं संरक्षण, मागच्याला धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा हे तिन्ही नियमाने सक्तीचं आहे. टायर, स्प्रिंग, शॉक, सीटचा फोम, ब्रेकचं पॅड यांपैकी कशानेच गाडीचं रूप किंवा आरसीवरचा तपशील बदलत नाही. जे बदल सर्वांत उपयोगाचे, ते लांबून दिसतही नाहीत.

तर शॉक ॲब्सॉर्बर. मागच्या जोडीला एकूण हालचाल ८८ मिलिमीटर. मोटारसायकलीचा सर्वसाधारण हिशेब असा: स्वार बसल्यावर एकूण हालचालीचा साधारण एक-तृतीयांश भाग दबायला हवा, म्हणजे चाक खड्ड्यात उतरायला खाली जागा राहते आणि उंचवट्यावर चढायला वर. जीटीत हे सुमारे २९ मिलिमीटर होतात. मोजायला लागतो टेप आणि एक मदतनीस. गाडी मधल्या स्टँडवर, चाक लोंबकळतं, एक माप. मग कपडे, हेल्मेट, बूट घालून स्वार बसला की दुसरं. अंतर चाळीसच्या पुढे जात असेल तर प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी रिंग घट्ट करायची, त्याला पाना गाडीसोबत मिळतो. गंमत अशी की सस्पेन्शन खराब आहे म्हणून नवीन घ्यायला निघालेल्या अनेकांनी ही फुकटची रिंग कधी फिरवलेलीच नसते. फिरवूनही भागलं नाही, तर थायलंडचे वायएसएस आहेत, इंग्लंडचे के-टेक आहेत, आणि खिसा खोल असेल तर स्वीडनचे ओहलिन्स. पुढच्या फोर्कला बाहेरून कोणतंच समायोजन नाही. तिथे स्वाराच्या वजनाला साजेशी स्प्रिंग आणि थोडं दाट तेल घातलं की ब्रेक मारताना नाक खाली खुपसण्याची खोड निम्म्याने जाते. जाणता मेस्त्री हे काम अर्ध्या दिवसात करतो आणि त्याला नट किती किलोच्या जोराने आवळायचा ते ठाऊक असतं. ते ठाऊक नसलेल्याच्या हाती फोर्क देऊ नये.

टायर त्याच्या आधी, खरं तर. १८ इंची चाकं, पुढे १००, मागे १३०. तारांच्या रिममध्ये ट्यूब असते, आणि पंक्चर झालं तर पेडणे-मोप्याच्या नव्या रुंद रस्त्यावर रात्री ढकलत बसावं लागतं. कंपनीने २०२३ मध्ये काही रंगांत अलॉय रिम आणि ट्यूबलेस टायर दिले, सोबत एलईडी दिवाही, तेव्हा तिला स्वतःलाच कुठे हात आखडला होता ते कळलं होतं असं मानायला हरकत नाही. जुन्या गाडीच्या मालकाने निदान भिजलेल्या डांबरावर धरून ठेवणारं रबर घ्यावं. गोव्यात चार महिने रस्ता ओलाच असतो.

डिचोली तालुक्याची आणखी एक अट आहे, ती कोणत्याच माहितीपत्रकात सापडत नाही. इथली धूळ. लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या, २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्या, आता त्यातल्या काही पुन्हा चालू होत आहेत, आणि ट्रक फिरले की बारीक लाल भुकटी हवेत राहते. इंजिनाचा एअरबॉक्स काढून तिथे उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवायची फॅशन आहे. दिसायला झकास. पण मूळ डबा धूळ आणि पाऊस दोन्ही अडवतो. शिवाय हवा शांत करून इंजिनाला देतो, म्हणून मधल्या आरपीएमला गाडी गुळगुळीत ओढते. उघडा फिल्टर बसवून शिरगाव-मये भागात फिरणारा माणूस पैसे देऊन पिस्टनला पॉलिश पेपर लावतो आहे. त्यापेक्षा मूळ फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या किलोमीटरला बदलावा. पावसाळ्याआधी स्पोकच्या निपलना, एक्झॉस्टच्या सांध्यांना आणि बोल्टच्या डोक्यांना तेलाचा हात फिरवावा, स्टीअरिंगच्या बेअरिंगला ताजं ग्रीस भरावं. खारं वारं आणि मृगाचा पाऊस यांना क्रोमची पर्वा नसते.

बसण्याची रचना प्रत्येकाची वेगळी, त्यामुळे इथे नियम सांगण्यात अर्थ नाही. जीटीची हँडलं खाली, फूटरेस्ट मागे. फोंड्यापर्यंत मजा येते, बेळगावपर्यंत मान आठवण करून देते. काहीजण जीटीवर इंटरसेप्टरचं रुंद हँडल चढवतात. कॅफे रेसरवाले त्यांना हसतात, पण सीट आणि टाकी जीटीची ठेवून पाठ वाचवणारा मला तरी शहाणा वाटतो. एखादी ब्रॅकेट किंवा बुश मापात हवी असेल तर गोव्यातले हौशी घाट चढून बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जातात. तिथल्या लेथवर पिढ्यान्‌पिढ्या इंजिनांचे भाग निघालेत, तुमच्या अल्युमिनियमच्या तुकड्याचं त्यांना कौतुक नसतं, पण माप चुकत नाही.

शंका असेल त्याने रेसकडे बघावं. २०२१ पासून कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर कॉन्टिनेन्टल जीटी कप भरतो. सगळ्यांना एकाच प्रकारे तयार केलेल्या गाड्या. इंजिनाला नवा सायलेन्सर मिळतो, पण मुख्य काम इतरत्र होतं: दिवे-आरसे उतरवून वजन कमी, सस्पेन्शन कडक, हँडल आणखी खाली, फूटरेस्ट आणखी मागे आणि वर, म्हणजे वळणात घासू नयेत. सेकंदांसाठी झटणाऱ्यांनी खर्चाचा क्रम असा लावलेला आहे.

हौसेचा बाजार आता कारखान्यांनीही ओळखला आहे. बुकिंग करतानाच आरसे, सीट, काउल निवडायची सोय रॉयल एन्फिल्डने केव्हाच केली. पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात २०२५ पासून ट्रायम्फची थ्रक्स्टन ४०० तयार होते, गोल दिव्याभोवती अर्धी फेअरिंग घेऊन. लंडनची पोरं कापून-जोडून करायची ते आता वॉरंटीसकट मिळतं. मात्र शॉक अजूनही तुमच्या वजनाला बेतलेला मिळत नाही. तो कोणालाच मिळत नाही.

शेवटची सूचना व्यवहाराची. उतरवलेला प्रत्येक मूळ भाग पुसून, तेल लावून, गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवावा: सायलेन्सर, शॉक, आरसे, साडीगार्ड, अगदी बोल्टसुद्धा. म्हापशाच्या सेकंडहँड बाजारात तुमच्या महागड्या बदलांचे पैसे कोणी मोजत नाही, गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं ते मूळ सायलेन्सर आहे का. नसेल तर भाव तिथूनच खाली सुरू होतो.