तुटलेला गिअर आणि त्याची फाइल

पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा आलापल्लीकडे जाणारा रस्ता पाण्याखाली जातो. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावरच्या या गावाला त्याची सवय आहे. पण पुराचे दिवस हेच धानाच्या चिखलणीचे आणि रोवणीचेही दिवस. पॉवर टिलरच्या गिअरपेटीतला एखादा दात तुटायचा तो नेमका याच काळात तुटतो, कारण वर्षातले सर्वांत जड काम याच काळात त्याच्यावर येते.

नवा गिअर दुकानात मिळत असेल तर तोच घ्यावा. कंपनीने बनवणे बंद केलेल्या जुन्या यंत्रांचे मात्र काय करायचे? चंद्रपूरला किंवा नागपूरजवळ हिंगणा, बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत असा एकटा गिअरही कापून मिळू शकतो. त्यासाठी तिथल्या सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, यंत्राला आकृतीची फाइल लागते. रस्ता बंद असला तरी फाइल फोनवरून जाऊ शकते, आणि पाणी उतरेपर्यंत गिअर तयार होऊ शकतो. पण फाइल चुकली तर चुकलेलाच गिअर हातात येतो, आणि तोवर रोवणीचा हंगाम संपलेला असतो. म्हणून दूरच्या गावासाठी फाइलची अचूकता शहरापेक्षा जास्त मोलाची.

सर्वांत मोठी चूक सुरुवातीलाच होते. तुटक्या गिअरचा फोटो काढायचा, संगणकावर त्याच्या कडेने रेघ ओढायची, ती डोळ्यांना गुळगुळीत दिसेपर्यंत घासायची आणि पाठवायची. अशाने जुन्या दाताची झीजही नव्या दातात उतरते. गिअरचा दात हाताने रेखायचा आकार नव्हेच, तो नियमाने ठरणारा वक्र आहे. रिळावर गुंडाळलेला दोरा ताणून धरत उलगडला, तर त्याचे टोक जी रेषा काढते तिला इन्व्होल्यूट म्हणतात. अठराव्या शतकात ऑयलरने गिअरच्या दातासाठी हा वक्र सुचवला. त्याचा मोठा गुण असा की बेअरिंग थोडे झिजून दोन गिअरमधले अंतर किंचित वाढले, तरी वेगाचे प्रमाण बदलत नाही. खेड्यात वर्षानुवर्षे राबणाऱ्या यंत्रासाठी याहून चांगला गुण कोणता?

हा नियम पकडायला फोटो लागत नाही, व्हर्नियर लागतो. सरळ दातांच्या साध्या गिअरचे दात मोजा, न झिजलेल्या टोकांवरून बाहेरचा व्यास मोजा, आणि व्यासाला दातांची संख्या अधिक दोन याने भागा; येणारे उत्तर म्हणजे मॉड्यूल, दाताच्या आकाराचे माप. समजा दात ३० आणि व्यास ९६ मिलिमीटर. ९६ भागिले ३२ म्हणजे मॉड्यूल ३. उत्तर ३.१७५ च्या आसपास आले तर ते ओढूनताणून ३ करू नये; तो इंचाच्या मापातला गिअर असतो, कारण २५.४ ला ८ ने भागले की ३.१७५ येतात. दाताचा दाबकोन, म्हणजे एक दात दुसऱ्याला ज्या कोनात ढकलतो तो, आज बहुतेक २० अंशांचा असतो, जुन्या यंत्रांत साडेचौदाही सापडतो. तो ओळखायला चार दात व्हर्नियरच्या जबड्यात धरून माप घ्या, मग पाच दात धरून घ्या. दोन मापांतला फरक मॉड्यूल ३ साठी ८.८६ मिलिमीटर आला तर कोन २० अंश, ९.१२ आला तर साडेचौदा. एवढ्या मोजमापावर दाताचा वक्र नक्की होतो.

आता गुळगुळीतपणाकडे येऊ. फाइल बिघडते ती बहुतेक इथेच. सीएनसीचे साधे नियंत्रण दोनच प्रकारच्या हालचाली नीट समजते: सरळ रेघ आणि वर्तुळाचा कंस. इन्व्होल्यूट यांपैकी काहीच नाही. त्यामुळे डीएक्सएफ फाइल बनवताना पुष्कळ सॉफ्टवेअर वक्राचे सरळ तुकडे करतात. पडद्यावर ते दिसत नाही, पण धातूवर उमटते. वरच्या उदाहरणात दाताच्या मध्यावर वक्राची त्रिज्या सुमारे १५.४ मिलिमीटर येते. दोन मिलिमीटरचे तुकडे केले तर रेघ आणि खरा वक्र यांत ०.०३ मिलिमीटरचे अंतर पडते. आकडा लहान वाटेल. पण लागोपाठच्या दोन तुकड्यांत सात अंशांहून जास्त कोन होतो, आणि त्या प्रत्येक कोपऱ्यावर यंत्राला वेग कमी करावा लागतो. दातावर पैलू पडतात. पुढे पेटीत फिरताना भार सगळ्या पृष्ठभागावर न सरकता त्या पैलूंच्या कडांवर येतो. आधी आवाज येतो, मग खड्डे पडतात, मग दात जातो.

तुकडा अर्ध्या मिलिमीटरचा केला तर अंतर ०.००२ वर येते. दाताच्या बुडाकडे, पायावर्तुळाजवळ (दोऱ्याच्या उदाहरणातले रीळ म्हणजेच हे वर्तुळ), वक्र जास्त वळतो. तिथे तुकडे आणखी लहान हवेत. पण मला विचाराल तर सरळ तुकड्यांचा नादच सोडावा आणि दाताची बाजू एकमेकांना स्पर्शरेषेत जुळणाऱ्या दोन-तीन कंसांत बसवावी. कंसांना कोपरे नसतात, फाइल लहान होते, आणि यंत्र एका लयीत चालते. फ्रीकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मापे भरली की इन्व्होल्यूट गिअर वक्रांतच तयार होतो. फाइल बाहेर काढताना मात्र लक्ष ठेवावे. वक्र सरळ तुकड्यांत मोडायचे का आणि तुकडा किती लांब, हे तिथल्या सेटिंगवर ठरते, आणि तयार केलेला सगळा वक्र तिथे वाया जाऊ शकतो. म्हणून फाइल पाठवण्याआधी ती पुन्हा उघडावी, एक दात पडदाभर मोठा करावा आणि बिंदू कुठे कुठे आहेत ते पाहावे.

दाताच्या बुडाशी गोलाई हवीच, कारण टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. मॉड्यूल ३ ला ती साधारण १.१ मिलिमीटर त्रिज्येची असते. म्हणजे मिलिंगचे कटर दोन मिलिमीटरचे लागेल, आणि वीस मिलिमीटर रुंदीच्या पोलादात ते टिकणे अवघड. अशा एकट्या गिअरला वायरकट, म्हणजे विजेच्या ठिणग्या पाडणाऱ्या तारेने कापण्याची पद्धत, बरी. तिची पाव मिलिमीटरची तार ही गोलाई सहज काढते आणि कडक केलेले पोलादही कापते. मात्र फक्त वरची साल कडक केलेल्या धातूवर हा उपाय चालत नाही, कारण तार साल ओलांडून आतला मऊ भाग उघडा करते. वायरकटसाठी आरपार कडक होणारे पोलाद, उदाहरणार्थ ईएन-२४, निवडावे आणि तसे लिहून कळवावे; धातूची जात फाइलमधून कळत नाही. तिरक्या दातांचा गिअर साध्या सपाट फाइलवरून कापता येत नाही, त्याला हॉबिंगसारखी दात कापण्याची वेगळी पद्धत लागते.

तारेच्या जाडीची भरपाई कारागीर यंत्रावर देतो, ती फाइलमध्ये पुन्हा देऊ नये. दोन्हीकडे दिली की मापात तेवढाच फरक दुसऱ्यांदा पडतो. रेषा एकावर एक दोनदा नसाव्यात, बाह्यरेषा कुठे तुटलेली नसावी. आणि फाइलसोबत एक माप शब्दांत लिहावे: बाहेरचा व्यास ९६.०० मिलिमीटर. एकक चुकून इंच धरले गेले तर ते तिथेच उघडे पडते.

गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, आणि टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने तिथे आधुनिक यंत्रांचे प्रशिक्षण केंद्रही आले आहे. कोनसरीला लोह-पोलादाचा प्रकल्प उभा राहत आहे. त्यासाठी कामगार घडवण्याची चर्चा खूप होते. तुटक्या गिअरवरून बिनचूक फाइल बनवणारा एकेक तरुण भामरागड, एटापल्ली, अहेरी, सिरोंचा या तालुक्यांतही असावा, ही गरज मला तितकीच मोठी वाटते. त्यासाठी एक संगणक, एक व्हर्नियर आणि थोड्या दिवसांचे नीट शिक्षण पुरे. या केंद्राने आणि जिल्ह्यातल्या आयटीआयनी हा अभ्यासक्रम सुरू करावा. आणि शेतकऱ्यांना एवढेच सांगणे: गिअर तुटला तर त्याचे तुकडे भंगारात घालू नका, त्याचा जोडीचा गिअरही जपून ठेवा. जोडीदाराचे शाबूत दात मोजून तुटलेल्याचे मॉड्यूल आणि कोन खात्रीने काढता येतात.