काटा सहावर आल्याशिवाय

घाटमाथ्यावरच्या गावात मुक्कामी एसटी कशी उभी असते, ते एकदा बघा. तोंड उताराकडे, चाकाखाली दगड. जावळीत, पाटणच्या वरच्या अंगाला, महाबळेश्वरच्या आसपास हिवाळ्यात हे हमखास दिसतं. पहाटे बॅटरीनं मान टाकली तर दगड काढायचा, गाडी सोडायची, जरा वेग आला की दुसऱ्या गिअरात घालून क्लच सोडायचा, इंजिन धरतं. मला ही युक्ती फार हुशारीची वाटायची. तिच्यावर लिहायचं म्हणूनच सातारा जिल्ह्यातल्या एका आगारात पहाटे जाऊन उभा राहिलो, तर तिथल्या मिस्त्रींनी पहिल्याच वाक्यात तिला निकालात काढलं.

"उतार म्हंजे काय ब्रेक हाय व्हय? काटा सहावर आला का, मग हलवा गाडी. न्हायतर न्हाय."

सहा म्हणजे हवेचा दाब, चौरस सेंटिमीटरला ६ किलो. एसटीचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन फिरलं की कॉम्प्रेसर हवा दाबून टाक्यांत भरतो. पेडल दाबलं की ती चाकांकडे धावते. रात्रभर उभ्या गाडीतली हवा कुठून ना कुठून झिरपत असते आणि थंडीत रबरी वॉशर, डायफ्रॅम कडक झाले की जास्तच. म्हणजे जी गाडी चालू होणार नाही अशी धास्ती असते, तिच्याच टाकीत पहाटे हवा कमी. उतारावर सोडलेली गाडी धरली नाही, तर समोर वळण आणि पायाखाली नुसतं पेडल. स्प्रिंगचा पार्किंग ब्रेक असलेली गाडी हवा नसेल तर जागची हलतच नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात पेपरात येतात. पर्यटकांना त्याचं कोण कौतुक! वाऱ्याचा पत्ता नसलेल्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आभाळाला देऊन बसते आणि सखल जागी गार हवा साचते. आगाराचं पटांगणही त्यातून सुटत नाही. पण इथली थंडी डिझेल गोठवणारी नव्हे. लडाखसाठी इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं डिझेल काढलं, त्याची इथं गरज नाही. इथं मार बसतो तो बॅटरीला. शून्याच्या आसपास शिशाच्या बॅटरीची ताकद साधारण पाचव्या हिश्शानं घटते आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं ऑइल घट्ट झालेलं असतं. देणारा अशक्त, मागणारा हट्टी. मग टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्यानं धुणं, पुसून व्हॅसलीन लावणं, पाणी आणि पट्ट्याचा ताण बघणं ही कामं आलीच. ती भराभर उरकतात.

मिस्त्री रेंगाळतात ते टाकीपाशी. गोणपाट अंथरून गाडीखाली शिरायचं आणि हवेच्या टाकीचा वॉल्व्ह ओढायचा. फस्स करून जे बाहेर येतं ती नुसती हवा नसते. दाबलेली गरम हवा टाकीत निवली की तिच्यातली वाफ पाणी होते, कॉम्प्रेसरमधून निसटलेलं ऑइल त्यात मिसळतं आणि दुधाळ चहाच्या रंगाचा राडा तयार होतो. त्याचा वास जळक्या तेलाचा, थोडा आंबूस. बाकीची कामं बघताना मी पुनःपुन्हा त्याच गाडीकडे वळत होतो, ते या वासामुळे. हे पाणी आत राहिलं तर टाकी आतून गंजते, वॉल्व्ह अडकतात आणि हवेला जागा उरते ती कमीच. नव्या गाड्यांत हवा सुकवणारा ड्रायर असतो. "असू दे की," मिस्त्री म्हणाले, "हातानं वडून बघाय काय जातंय?" बाहेर आले, केबिनमध्ये डोकावले आणि काटा बघितला. साडेचार. "बसा," ड्रायव्हरला म्हणाले. गाडी तशीच गुरगुरत ठेवली, सहापर्यंत. आत शाल गुंडाळलेले दोन प्रवासी वैतागले होते. कंडक्टर मास्तरांनी तिकडे मुद्दाम बघितलं नाही.

पावसाळ्याआधी गळकी छपरं, वायपर यांच्या तपासणीचा गाजावाजा होतो. थंडीच्या वाट्याला तो येत नाही. ती अशा एखाद्या माणसाच्या सवयीवर निभावते. आणि उताराचे दिवस तसेही भरत आलेत. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. या इंजिनांत डिझेल किती आणि कधी सोडायचं ते इलेक्ट्रॉनिक कंट्रोल ठरवतो; बॅटरी पार बसली असेल तर गाडी अख्खा केळघर घाट उतरली तरी चालू व्हायची नाही. तरी ड्रायव्हर मंडळी गाडी उताराच्या तोंडालाच लावतात.

सांगलीच्या बाजूला उतरल्यावर विषयच बदलतो. इस्लामपूर, पलूस भागात कृष्णेकाठी पहाटे दाट धुकं धरतं आणि नेमका तेव्हाच साखर कारखान्यांचा हंगाम जोरात असतो. तिथल्या एका ड्रायव्हरला मी बॅटरीचं विचारलं, तर त्यांनी काचेकडे बोट दाखवलं. भरलेल्या गाडीत माणसांच्या श्वासानं काच आतून धुरकटते. खिडकी उघडली की मागून ओरडा, बंद ठेवली की समोरचं दिसत नाही. बाहेरून काचेवर तंबाखू चोळायची जुनी रीत अजून आहे, आतून वर्तमानपत्राचा बोळा. हेडलाइट, वायपर, धुक्याचा दिवा ते स्वतः बघून घेतात. सहीपुरतं नाही, खरंच बघतात.

"आमचं सगळं चालू असतंय हो," ते म्हणाले, "फुडच्याचं काय?" पुढचा म्हणजे दोन ट्रॉल्या जोडलेला, सावकाश चाललेला उसाचा ट्रॅक्टर. हंगामाच्या तोंडाला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा निघतात. रिफ्लेक्टर लागतातही, वरून लोंबणाऱ्या उसानं ते झाकले जातात.