दोष तुमचा की पुस्तकाचा?

मुलं शाळेत गेली, स्वयंपाकघर आवरलं, की दुपारचे दोन तास आपले. त्या वेळात काही नवं शिकावं म्हणून तुमच्यापैकी कितीजणींनी संगणकाची भाषा शिकायला घेतली असेल, आणि ‘हे काही आपल्या डोक्यात शिरायचं नाही’ म्हणून पुस्तक माळ्यावर टाकलंही असेल!

आमच्या शेजारच्या वहिनींचं असंच झालं. भाच्याचं पायथॉनचं जुनं पुस्तक त्यांनी हौसेनं मागून आणलं. पहिलीच ओळ जशीच्या तशी टाइप केली, तर संगणक चूक दाखवू लागला. दहा वेळा तपासलं, तरी चूक सापडेना. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या.

खरं तर चूक त्यांची नव्हतीच. २००८ साली पायथॉन ३ ही आवृत्ती आली आणि ‘प्रिंट’ या शब्दापुढचा मजकूर कंसात घालणं सक्तीचं झालं. वहिनींचं पुस्तक त्याआधीचं! पायथॉन २ ची तर डागडुजीही १ जानेवारी २०२० पासून थांबली आहे. आम्ही नुसते दोन कंस घातले आणि ओळ बिनबोभाट चालली.

तेव्हा मैत्रिणींनो, पुस्तक घेताना आधी साल पाहा आणि ‘प्रिंट’पुढे कंस आहे ना, तेही पाहा.

दुसरं, प्रस्तावना वाचा. कर्निघन आणि रिची यांचं ‘सी’ भाषेवरचं १९७८ सालचं पुस्तक फार नावाजलेलं. पण ज्यांना प्रोग्रॅमिंगची थोडीफार ओळख आहे त्यांच्यासाठी ते आहे, हे लेखकांनी प्रस्तावनेतच सांगितलंय. कणीक कधी मळलीच नाही, तिला पुरणपोळीची उत्तम कृती देऊन काय उपयोग?

तिसरं, मधलंच एखादं पान उघडा. पूर्ण उदाहरण, ते चालवल्यावर काय दिसेल ते, आणि स्वतः सोडवायला स्वाध्याय, हे तिन्ही हवेत. संगणकानं चूक दाखवली तर तिचा अर्थ कसा लावायचा, हेही समजावलेलं हवं. ‘मीठ अंदाजानं घाला’ हे नवशिकीला सांगून चालतं का?

वहिनींनी मग नवं पुस्तक आणलं. परवा त्यांनी महिन्याच्या वाणसामानाची बेरीज करणारा छोटासा प्रोग्रॅम स्वतः लिहून दाखवला. चेहरा काय फुलला होता!

‘मला जमत नाही’ असं म्हणण्यापूर्वी तुम्हीही माळ्यावरचं ते पुस्तक खाली काढा, आणि त्याचं साल एकदा पाहाच.