विश्लेषण : शनिवारी तीन देश, सोमवारी वर्ग… युरोपात शिकणाऱ्यांच्या वीकेंड सहलींना कोणते नियम लागू?

जर्मनीतील आखेन शहरात शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याची पहिली ‘परदेशवारी’ बरेचदा शहर बसने आणि थोडी पायी होते. शहराच्या पश्चिमेला वाल्सरबर्ग नावाची सुमारे ३२२ मीटर उंचीची टेकडी आहे. तिच्या माथ्यावर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सीमा एकत्र येतात. तिथल्या खांबाभोवती एक चक्कर मारली की तीन देश पाहून झाले! ना चौकी, ना शिक्का. पुण्याहून सिंहगडावर जाऊन यावे इतके हे सहज वाटते आणि पुढच्या शनिवारी पॅरिस, त्याच्या पुढच्या शनिवारी प्राग असे बेत आखले जाऊ लागतात.

जर्मनीत २०२३-२४च्या हिवाळी सत्रात ४९ हजार ४८३ भारतीय विद्यार्थी शिकत होते. परदेशी विद्यार्थ्यांच्या संख्येत त्यांनी चिनी विद्यार्थ्यांनाही मागे टाकले. पुण्या-मुंबईत जर्मनचे धडे गिरवून तिकडे जाणारे अनेक जण त्यांत आहेत. या मुलांच्या समाजमाध्यमांवरील छायाचित्रांत दिसते ती मित्रांची टोळी, पाठीवरची सॅक आणि मागे एखादे कॅथेड्रल. या छायाचित्रांमागे तिकिटांचे, व्हिसाचे आणि पैशांचे बारीक गणित असते. ते चुकले, तर नुकसान एका सहलीपुरते राहत नाही.

इतका स्वस्त प्रवास शक्य कसा झाला?

तरुणांनी कमी पैशांत फिरावे, ही कल्पना युरोपात जुनी आहे. रिचर्ड शिरमान या जर्मन शिक्षकाने १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात जगातील पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह सुरू केले. आजच्या ‘हॉस्टेल’चे मूळ तिथे आहे. तरुणांसाठीचा इंटररेल पास १९७२ मध्ये आला. जर्मन रेल्वेने १९९५ मध्ये वीकेंडसाठी खास तिकीट काढले. १५ मार्कांत पाच जणांनी प्रादेशिक गाड्यांतून देशभर फिरायचे. हे तिकीट २०१९ मध्ये बंद झाले, तरी ‘पाच जण जमवा आणि निघा’ ही सवय मागे राहिली.

नव्वदच्या दशकात युरोपीय संघाने हवाई वाहतूक खुली केली आणि किफायती विमान कंपन्यांचे पेव फुटले. जर्मनीने १ जानेवारी २०१३ पासून लांब पल्ल्याच्या बससेवेवरील जुने निर्बंध उठवले. त्यानंतर रात्रभर बसने प्रवास करून एका रात्रीचे राहण्याचे भाडे वाचवण्याची युक्ती विद्यार्थ्यांमध्ये रूढ झाली. पाठीची वाट लागते हे खरे, पण पंचविशीच्या आत कोण पाहतो?

सध्या खर्चाचे गणित कसे जमते?

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाला ११ हजार ९०४ युरो बंदिस्त खात्यात दाखवावे लागतात. म्हणजे महिन्याला ९९२ युरो हाती येतात. त्यातून घरभाडे, आरोग्य विमा आणि किराणा भागवल्यावर उरते ते फिरण्यासाठी. अनेकांच्या डोक्यावर शैक्षणिक कर्जही असते. त्यामुळे कुठे जायचे हे बरेचदा मनापेक्षा तिकीटच ठरवते.

त्यातला हुकमी एक्का म्हणजे ‘डॉइचलांड तिकीट’. मे २०२३ मध्ये महिन्याला ४९ युरो दराने ते सुरू झाले. नंतर दर वाढत गेला. विद्यार्थी संघटनेने वाहतूक मंडळाशी तसा करार केलेल्या विद्यापीठांत विद्यार्थ्यांना ते मूळ दराच्या ६० टक्क्यांत मिळते. या तिकिटावर देशभरातील शहर बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक रेल्वे चालते. सीमेपलीकडील काही स्थानकांपर्यंतही ते चालते. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग हे त्यातले सर्वांत लाडके. म्युनिकहून प्रादेशिक गाडीने दोनेक तासांत मोझार्टच्या गावी पोहोचता येते आणि वेगळे तिकीट लागत नाही. हे तिकीट नसलेल्यांसाठी ‘बायर्न तिकीट’ आहे. त्यावर पाच जणांना बव्हेरियात दिवसभर फिरता येते. मात्र ते आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊनंतरच लागू होते. शनिवारी-रविवारी ही अट नसते. तिकिटावर प्रवाशांची नावे लिहावी लागतात, हे नवखे विसरतात.

या तिकिटांवर वेगवान आयसीई किंवा आयसी गाडीत बसता येत नाही. फलाटावर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या असतात, घाईत चुकीच्या गाडीत पाय पडतो आणि तिकीट तपासनीस समोर येतो. जर्मनीत विनातिकीट प्रवासाचा दंड सहसा ६० युरो आहे, म्हणजे महिन्याच्या तिकिटाएवढाच. इटलीत वेगळी गंमत. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट विकत घेतले तरी फलाटावरील यंत्रात त्यावर वेळेचा ठसा उमटवावा लागतो, नाही तर तिकीट असूनही दंड होऊ शकतो.

विमानाच्या स्वस्त तिकिटात विमानतळाचे अंतर दडलेले असते. ‘पॅरिस बोव्हे’ विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे, तर ‘फ्रँकफर्ट हान’ हा फ्रँकफर्टपासून रस्त्याने सुमारे १२० किलोमीटरवर. स्वस्त तिकिटात बस भाडे आणि सामानाचे शुल्क मिळवल्यावर रेल्वे परवडली असती, असे अनेकदा आढळते.

जेवणाचा खर्च वाचवण्याची भारतीय रीत म्हणजे हॉस्टेलचे स्वयंपाकघर. पहिल्या दिवशी डब्यातले थेपले किंवा पराठे, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून खिचडी. पण ऑस्ट्रिया आणि जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. मोठ्या रेल्वेस्थानकातील दुकाने तेवढी उघडी सापडतात. शनिवारी संध्याकाळीच तांदूळ-डाळ आणि पाणी घेऊन ठेवले नाही, तर रविवारचे जेवण महागात पडते.

प्रेक्षणीय स्थळी मात्र निवासी परवान्याचे कार्ड खिशात असल्याचा फायदा होतो. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या २५ वर्षांपर्यंतच्या तरुणांना प्रवेश मोफत आहे. अट निवासाची आहे, नागरिकत्वाची नाही. त्यामुळे दार्मस्टाटमध्ये शिकणारी नागपूरची मुलगी मोफत आत जाते आणि तिला भेटायला आलेले आईवडील पूर्ण दराचे तिकीट काढतात.

शेंगेनचा ९० दिवसांचा नियम काय सांगतो?

लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावाजवळ, मोझेल नदीतील एका बोटीवर १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी करार केला. तो प्रत्यक्षात आला मार्च १९९५ मध्ये. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे सामील झाल्यावर या क्षेत्रात २९ देश झाले. यापैकी एका देशाचा दीर्घकालीन व्हिसा किंवा निवासी परवाना असलेल्या विद्यार्थ्याला इतर शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. तो ज्या देशात शिकतो तिथले दिवस यात धरले जात नाहीत.

१८० दिवसांत साधारण २६ वीकेंड येतात. प्रत्येक शनिवार-रविवार दुसऱ्या देशात काढला, तरी ५२ दिवस होतात. पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सीमा ओलांडली की प्रत्येक वीकेंड तीन दिवसांचा होतो आणि बेरीज ७८ वर जाते. म्हणजे नुसत्या वीकेंड सहलींनी नियम मोडत नाही. पण त्याच काळात दोन-तीन आठवड्यांची उन्हाळी भटकंती आली, की मर्यादा गाठली जाऊ शकते. शिवाय ही मुभा फिरण्यापुरती आहे. जर्मनीच्या परवान्यावर सुट्टीत ॲमस्टरडॅमच्या उपाहारगृहात काम करता येत नाही.

मग खरी अडचण कुठे येते?

अडचण येते ती दोन कागदांमधल्या काळात. विद्यार्थी येतो मर्यादित मुदतीच्या प्रवेश व्हिसावर. त्या मुदतीत त्याने स्थानिक कार्यालयातून निवासी परवाना घ्यायचा असतो. मोठ्या शहरांत भेटीची वेळ मिळायलाच कित्येक आठवडे लागतात. दरम्यान व्हिसा संपला, तर जर्मनीत ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचे तात्पुरते प्रमाणपत्र मिळते. त्यामुळे जर्मनीतले वास्तव्य कायदेशीर राहते, पण इतर शेंगेन देशांत फिरण्याचा हक्क सहसा मिळत नाही. इटलीत परवान्यासाठी आठ कामकाजी दिवसांत अर्ज करावा लागतो आणि टपाल कार्यालयाची पावती मिळते. व्हिसा संपल्यावर नुसत्या पावतीवर दुसऱ्या शेंगेन देशात जाता येत नाही. फ्रान्समध्ये दीर्घकालीन व्हिसा पोहोचल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन प्रमाणित करावा लागतो. ते राहिले, तर एकदा देशाबाहेर पडल्यावर परत येण्याचा मार्ग बंद होतो.

सीमेवर कोणी विचारत नाही म्हणून ‘जाऊन येऊ’ असे म्हणणारे प्रत्येक गटात असतात. सापडले तर प्रकरण बेकायदा वास्तव्याचे ठरू शकते आणि त्याची नोंद पुढच्या परवान्याच्या वेळी समोर येते. एका वीकेंडसाठी पदवी पणाला लावण्यासारखे हे आहे.

सीमेवर आता कोणी विचारत नाही का?

विचारतात. ऑस्ट्रियाच्या सीमेवर जर्मनीने २०१५ पासूनच तपासणी सुरू केली होती. १६ सप्टेंबर २०२४ पासून ती सर्व भू-सीमांवर लागू केली आणि नंतर मुदत वाढवत नेली. इतरही काही देशांनी असेच केले आहे. त्यामुळे साल्झबुर्गहून परतताना फ्रायलासिंग स्थानकात पोलीस गाडीत चढतात. त्या वेळी विद्यापीठाचे ओळखपत्र किंवा मोबाइलमधले पासपोर्टचे छायाचित्र कामाचे नसते. मूळ पासपोर्ट आणि निवासी कार्ड दोन्ही जवळ हवेत. स्ट्रासबुर्ग ते केल ही ट्राम २०१७ पासून ऱ्हाइन नदी ओलांडून फ्रान्समधून जर्मनीत जाते. ती कितीही शहर बससारखी वाटली, तरी तिलाही हा नियम लागू आहे.

किफायती विमान कंपन्यांपैकी काही कंपन्या बिगर-युरोपीय प्रवाशांची कागदपत्रे उड्डाणाआधी वेगळी तपासतात. गटातील जर्मन किंवा स्पॅनिश मित्र थेट सुरक्षा तपासणीकडे जातात, भारतीय विद्यार्थी आधी काउंटरच्या रांगेत. ही रांग गृहीत धरूनच घरून निघावे लागते.

ब्रिटन आणि आयर्लंडमधील विद्यार्थ्यांचे काय?

हे दोन्ही देश शेंगेनमध्ये नाहीत. लंडनहून युरोस्टारने पॅरिस सव्वादोन-अडीच तासांवर असले, तरी तिथल्या भारतीय विद्यार्थ्याला शेंगेन व्हिसा काढावा लागतो. त्याचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. भारतीयांना टप्प्याटप्प्याने दोन आणि पाच वर्षांचा व्हिसा देण्याची सवलत युरोपीय संघाने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केली, पण ती भारतात राहून अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. त्यामुळे मँचेस्टर किंवा डब्लिनमध्ये शिकणाऱ्याची ‘अचानक ठरलेली’ पॅरिस सहल प्रत्यक्षात महिना-दोन महिने आधी ठरलेली असते.

आजारपण, उशीर झाल्यास कोणते हक्क?

जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्य विम्याच्या कार्डामागे युरोपीय आरोग्य विमा कार्ड असते. संघातील बहुतेक देशांत तातडीच्या उपचारांसाठी ते चालते. मात्र बिगर-युरोपीय नागरिकांना डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडमध्ये ते वापरता येत नाही. इंटरलाकेनला बर्फात घसरून पाय मोडला, तर वेगळा प्रवास विमा हवाच. स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या मोफत रोमिंग व्यवस्थेतही नाही, म्हणून बाझेलला उतरण्याआधी मोबाइलचा डेटा बंद करणे शहाणपणाचे.

विमान रद्द झाले किंवा तीन तासांहून अधिक उशिरा पोहोचले आणि चूक कंपनीची असेल, तर दीड हजार किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २५० युरो भरपाईची तरतूद युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमात आहे. त्यासाठी प्रवाशाचे नागरिकत्व पाहिले जात नाही. अनेक भारतीय विद्यार्थ्यांना हे माहीतच नसते.

अभ्यासाचा तोल कसा राहतो?

युरोपीय श्रेयांक पद्धतीत एका सत्राला ३० श्रेयांक अपेक्षित असतात. जर्मनीत एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास, म्हणजे सत्राला ९०० तास. बऱ्याच वर्गांत हजेरी लागत नाही, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळे मोकळे वाटते. फेब्रुवारीत परीक्षा येतात आणि अनेक अभ्यासक्रमांत एका विषयाला तीनच प्रयत्न मिळतात. तिसरा हुकला, तर त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होते आणि त्याबरोबर परवान्याचा आधारही जातो. शनिवार-रविवारी काम करून खर्च भागवणाऱ्यांना तर सहलीचा वीकेंड दुहेरी महाग पडतो. तिकिटाचा खर्च असतोच, बुडालेली मजुरीही त्यात धरावी लागते.

गट एकत्र फिरतो तेव्हा नियम सर्वांत कच्च्या कागदाचा लागतो. पाचांपैकी एकाचा परवाना अडकला असेल, तर प्राग पुढे ढकलायचे आणि ड्रेस्डेन गाठायचे, असे जाणती मुले करतात. तिथून एस-१ लोकल एल्ब नदीच्या काठाने राटेनला जाते. होडीने पलीकडे जाऊन बास्टाय पुलाचे उंच खडक चढता येतात आणि महिन्याच्या तिकिटावर रेल्वेचा वेगळा खर्च लागत नाही. हीच लोकल पुढे शोना या शेवटच्या जर्मन स्थानकापर्यंत जाते. तिथे समोरच्या तीरावर हर्झेन्स्को हे चेक गाव दिसते आणि पलीकडे न्यायला होडीही असते. परवाना अडकलेल्याने मात्र त्या होडीत बसू नये.